भाडे आणि भाड्याची पावती

आपले खापर गाव अक्कलकुवा तालुक्यात आहे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावावरून जातो आणि गुजरातची हद्द जवळच आहे. रस्त्यावरचे गाव म्हटले की दुकाने आली. दुकाने आली की कुणाचा गाळा भाड्याचा, कुणाची खोली भाड्याची. मुलांच्या शाळेसाठी कुणी अक्कलकुव्याला खोली घेतो, तर कुणी कामासाठी नंदुरबारला जाऊन राहतो. म्हणून भाडे म्हणजे काय, आणि ते कसे द्यावे, हे सर्वांनी समजून घेणे बरे.

दुसऱ्याची जागा आपण वापरतो आणि वापराबद्दल ठरलेले पैसे देतो, ते भाडे. जागा मालकाचीच राहते. आपल्याला मिळतो तो राहण्याचा, धंदा करण्याचा हक्क. हा हक्क भाड्यावर उभा आहे. १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आजही चालू आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या ठिकाणी भाडे देणे हे भाडेकरूचे काम आहे.

वेळ आणि ठिकाण, हे दोन शब्द नीट पहा. पुष्कळ लोक म्हणतात, "मालक मागायला आला म्हणजे देऊ." दोन महिने मालक आला नाही, की भाडे साचते. मग एकदम चार महिन्यांचे पैसे कुठून आणायचे? मालक येवो वा न येवो, ठरलेल्या तारखेला भाडे पोचते करावे.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट सांगतो. दिवाळी झाली की पुष्कळ कुटुंबे उसतोडीला गुजरातेत जातात. खोलीला कुलूप घालतात. त्यांना वाटते, आपण राहत नाही, मग भाडे कसले? तसे नाही. कुलूप आपले आहे, सामान आपले आहे, म्हणजे जागा आपल्याच ताब्यात आहे. भाडे चालूच राहते. परत येईतो पाच-सहा महिन्यांचे होते. महिन्याला आठशे रुपये धरले, तरी सहा महिन्यांचे चार हजार आठशे झाले. उचल हातात येते तेव्हाच त्यातले भाडे बाजूला काढावे. नाहीतर जाण्याआधी मालकाशी बोलावे, आणि काय ठरले ते कागदावर लिहून घ्यावे. जागा सोडायचीच असेल, तर तशी लेखी सूचना देऊन, सामान काढून, किल्ली मालकाच्या हातात द्यावी.

आता पावती. आमच्या मते साऱ्या गोष्टीत हीच मोठी. समजा, एक शिंपी वीस वर्षे एका गाळ्यात बसतो आहे. दर महिन्याला पैसे मालकाच्या हातात देतो. मालक भला माणूस, शिंपीही भला. कागद कुणीच केला नाही. पुढे मालक वारला. मुलगा म्हणाला, "तीन वर्षांचे भाडे आले नाही." शिंप्याने पै न् पै दिली आहे. पण ते दाखवणार कसे? कोर्टात शपथेवर सांगता येईल, शेजारी साक्ष देतील, पण मागच्या श्रावणातले आठशे रुपये दिलेले कुणी पाहिले होते? थकलेल्या भाड्यासाठी मालकाला तीन वर्षांपर्यंतचा दावा लावता येतो. शिंप्याजवळ छत्तीस कागद असते तर गोष्ट तिथेच मिटली असती. लिहिता-वाचता येऊ लागलेल्या माणसाला हे छत्तीस कागद जमवणे काही अवघड नाही.

पावती छापीलच हवी असे नाही. वहीच्या पानावर असे लिहिले तरी पुरे:

"खापर, दिनांक ५. आपणांकडून माझ्या बाजारपेठेतील गाळ्याचे मागील महिन्याचे भाडे रुपये ८०० (अक्षरी रुपये आठशे) रोख मिळाले. सही."

यात भाडेकरूचे नाव, महिना नि साल, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि मालकाची सही असावी. आकड्यापुढे एक शून्य वाढवता येते. अक्षरी लिहिलेले बदलणे कठीण जाते, म्हणून अक्षरी लिहायचे. रक्कम पाच हजारांहून जास्त असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. बँकेतून किंवा मोबाइलवरून पैसे पाठवले तर त्याची नोंद राहते, तेही चांगले. मात्र कुठल्या महिन्याचे भाडे, ते तिथे लिहावे.

"पावती मागितली तर मालकाला राग येईल," असे लोक म्हणतात. येईल कदाचित. पण पावती मागणे हा अविश्वास नव्हे. दुकानदार बिल देतो, बँक पासबुक भरून देते, त्यांच्यावर कुणी रागावतो का?

आता कायद्याचे पाहू. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत जागांची फार टंचाई झाली. तेव्हा १९१८ साली तिथे पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आहे. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. हा कायदा सगळ्या गावांना सरसकट लागू नाही. ज्या शहरांची नि गावांची नावे त्याच्या यादीत आहेत, तिथेच तो चालतो. आपली जागा ज्या गावात आहे, त्याचे नाव यादीत आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे.

यादीतल्या गावात भाडेकरूला चांगले संरक्षण आहे. तो भाडे देतो आहे, किंवा द्यायला तयार आहे, तोवर केवळ भाड्याच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. भाडे थकले तर मालकाने लेखी नोटीस द्यायची, आणि नव्वद दिवस थांबायचे. त्यानंतरच दावा. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत सारी थकबाकी, त्यावर शेकडा पंधरा दराने सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि पुढचे भाडे नियमित भरत राहिले, तर जागा वाचते. म्हणजे नोटीस आली की ती उशाखाली ठेवायची नाही. आधी वाचायची, तारीख पाहायची, आणि दिवस मोजायचे.

यादीबाहेरच्या गावात मात्र जुना १८८२ चा कायदा चालतो. तिथे महिन्याच्या भाड्याने दिलेली जागा पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने रिकामी करून मागता येते, भाडे थकलेले नसले तरीही. म्हणून अशा गावात लेखी करार अधिकच महत्त्वाचा. १९९९ च्या कायद्याने करार लेखी करून त्याची नोंदणी करणे मालकावर टाकले आहे. करार नसेल, तर भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. सही करण्याआधी भाडे, मुदत, अनामत रक्कम, दुरुस्ती कोण करणार, विजेचे बिल कोण भरणार, हे पाहावे. कोऱ्या जागी सही करू नये. अनामत आणि भाडे यांची गल्लतही करू नये. अनामत मालकाकडे आहे म्हणून या महिन्याचे भाडे बुडवता येत नाही.

मालकच भाडे घेईना, तर? असे होते. त्याला जागा खाली करून हवी असते. भाडे नाकारायचे आणि मग "थकवले" म्हणायचे. अशा वेळी घरी बसू नये. दोन साक्षीदारांसमोर पैसे पुढे करावेत, न घेतल्यास स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे, आणि टपालाची पावती जपून ठेवावी.

जमिनीचा खंड ही वेगळी गोष्ट आहे. त्याला १९४८ चा कूळ कायदा आहे. त्याच कायद्याखाली १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले गेले. ज्यांच्याजवळ खंडाच्या पावत्या होत्या, त्यांना आपले कूळपण सिद्ध करणे सोपे गेले. आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्याने देण्यावर १९७४ च्या कायद्याने बंधन घातले आहे. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. कोणी "कागद कशाला, असेच पाच वर्षे द्या" म्हणाला, तर नाही म्हणावे.

जागेची निगाही भाडेकरूनेच राखायची. वापराने भिंतीचा रंग जाणारच, त्याचा दोष भाडेकरूवर येत नाही. पण दार मोडले, फरशी फोडली, तर भरून द्यावे लागते. मालकाला न विचारता भिंत पाडू नये, पक्के बांधकाम करू नये, किंवा जागा तिसऱ्याला भाड्याने देऊ नये. जागा सोडताना मीटरचा आकडा दोघांनी मिळून लिहावा, शेवटच्या महिन्याची पावती घ्यावी, आणि अनामत परत मिळाल्यावरच "मिळाली" असे लिहून द्यावे.