गव्हाणीच्या अलीकडे-पलीकडे

शेती, उद्योग, सेवा ही अर्थव्यवस्थेची तीन क्षेत्रं सोनईच्या परिसरात शेजारीशेजारी दिसतात. मुळा धरणाच्या पाण्यावरचा ऊस मुळा सहकारी साखर कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर, जातो. शनिशिंगणापूरच्या भाविकांवर हॉटेलं, दुकानं चालतात.

कारखाना उसाजवळच का? तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते. शिवाय एका टनातून साखर निघते जेमतेम १०० किलोच्या आसपास; बाकीचं वजन लांब कोण वाहणार! त्यातला पाव टनाहून अधिक चोथा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळून वाफ नि वीज देतो. मळीपासून इथेनॉल.

मग या साखरेच्या पैशाची वाटणी कशी? थायलंडमध्ये १९८४च्या कायद्याने साखरेचं उत्पन्न शेतकरी आणि कारखानदारांत ७०:३० असं वाटायचं ठरलं. सहकारात मात्र ऊस घालणारा सभासदच मालक. भावासाठी तो भांडतो ते निम्मं स्वतःशीच!