ट्यूबच्या मागची माती

बोईसरच्या बाजारात मुलतानी मातीची पूड मिळते आणि ट्यूबमधला ‘क्ले मास्क’ही. फरक कुठे? ट्यूब उलटी करून बघा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापतात. एक टक्क्याहून कमी असलेले मात्र शेवटी, कुठल्याही क्रमाने. पुढे ठळक अक्षरांत केशर, मागे यादीच्या टोकाला! सुरुवातीला बहुधा पाणी. पाणी आलं की जंतू-बुरशीची भीती, म्हणून फिनॉक्सिइथेनॉलसारखं परिरक्षक. कोरड्या पुडीला त्याची गरज फारशी नसते.

यादीत मातीचं नावही बघा: केओलिन की बेंटोनाइट. केओलिन सौम्य, फारसं फुगत नाही. बेंटोनाइटच्या थरांमध्ये पाणी शिरून ते फुगतं, शोषतंही जास्त. तारापूर एमआयडीसीतली पाळी संपवून आलेल्या तेलकट चेहऱ्याला बेंटोनाइट चालेल. कोरड्या त्वचेला केओलिन आणि ग्लिसरीन बरं. लेप तडकेपर्यंत ठेवू नका, ओलसर असतानाच धुवा.