बंदी संपली, मग मॅटवर कधी?

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं, "डोपिंगमध्ये सापडलेल्याला परत खेळू देतात का हो?" त्यांची लेक तालमीत जाते, म्हणून काळजी.

देतात. पण मधली वर्षं कशी जातात, ते ऐका.

पैलवान नरसिंग यादव आठवतोय ना? सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, आपल्याच पोलीस दलातला अधिकारी. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या आधी त्याच्या लघवीच्या नमुन्यात बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. कुणीतरी खाण्यापिण्यात मिसळलं, असं तो म्हणाला. आपल्या देशातल्या 'नाडा'च्या समितीला ते पटलं, त्याला सोडलं. जागतिक संस्था 'वाडा' मात्र क्रीडा लवादाकडे गेली. रिओत, कुस्तीच्या आदल्या दिवशी निकाल आला: चार वर्षं बंदी. अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. दुसऱ्याने घातलं म्हणायचं तर ते त्यानेच पटवून द्यायचं.

बंदी म्हणजे नुसत्या स्पर्धा बंद नाहीत. संघाबरोबर सराव नाही, संघटनेत प्रशिक्षक म्हणूनही काम नाही. नमुना घ्यायला मात्र माणूस दारात येऊ शकतो. शेवटचे दोन महिने किंवा बंदीचा चौथा हिस्सा, जे कमी असेल तेवढे दिवस आधी संघात सरावाची मुभा मिळते. मध्येच कुठे स्पर्धा खेळलात, तर तेवढीच नवी बंदी पुढे जोडतात.

नरसिंग २०२० मध्ये परतला. डिसेंबरमध्ये बेलग्रेडला उतरला तेव्हा वय ३१. पदक मिळालं नाही. पैलवानाची उमेदीची चार वर्षं गेलेली.

मला विचाराल तर शिक्षा भोगलेल्याला खेळू द्यावं. खटकतं ते वेगळंच. अल्पवयीन मुलांना असलं काही देणाऱ्या प्रशिक्षकाला आजन्म बंदीसुद्धा होऊ शकते, पण तालमीत गुपचूप हातात ठेवलेल्या पुडीचा पुरावा आणायचा कुठून?

म्हणून ताई, लेकीला पावडरचा डबा कुणी दिला ते विचारा. बिल आणि रिकामा डबा जपून ठेवा. सुट्टी पावडर नकोच. दवाखान्यात गेलात की आधी सांगा, "ही स्पर्धा खेळते." सर्दीच्या काही गोळ्या, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या, काही स्टेरॉइडची औषधं यांवरही बंदी असते. आजारासाठी तेच औषध लागणार असेल, तर डॉक्टरांचे कागद जोडून नाडाकडे आधी परवानगी मागता येते.