तेच ते वाजवण्याची कला

गिटारला कधी हातही न लावलेला माणूस जी ओळ तोंडाने वाजवून दाखवतो, ती चांगली रिफ. माझी कसोटी एवढीच. रॉकमध्ये गायक असतो, शब्द असतात, मधे गिटारवाल्याची लांबलचक फिरत असते. पण गाण्याचं नाव विसरलं तरी डोक्यात राहते ती सुरुवातीची, पुन्हा पुन्हा येणारी चार-सहा सुरांची ओळ. एकल तबल्याला सारंगीवर किंवा पेटीवर लेहरा धरतात ना, त्याच्याच जातीची. फरक एवढाच की लेहरा धरणाऱ्याकडे मैफलीत कुणी ढुंकून बघत नाही आणि इथे लेहराच घरचा मालक.

हा आढावा मी गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडात बसून लिहितोय. पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की आलापल्लीचा रस्ता बंद, मग वीज जाते, पाठोपाठ रेंज. अशा दिवसांत मोबाइलच्या कार्डात भरून ठेवलेली गाणीच कामी येतात, आणि तीच ती ऐकावी लागतात. रिफ समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही.

इथल्या एका कॉलेजच्या पोराने जुनी साधी गिटार मिळवली आणि पहिलं काय वाजवलं, तर ‘स्मोक ऑन द वॉटर’. जगभरची पोरं तेच करतात. सगळा खेळ एका तारेवर बसतो: मोकळी तार, तिसरा फ्रेट, पाचवा; मोकळी, तिसरा, सहावा आणि लगेच मागे पाचवा. आपल्या हिशेबाने सा, कोमल ग, शुद्ध म, आणि दुसऱ्या फेरीत क्षणभर तीव्र म. दोन मध्यम एकाला एक लागून, ललतात असतात तसे. पोराचं बोट सहाव्यावर जास्त रेंगाळायचं आणि सगळी ओळ लंगडायची. त्या सुराला नुसतं शिवून परतायचं असतं, हे त्याला आठवड्याभराने आपोआप कळलं.

मूळ वाजवणारा डीप पर्पल या बँडचा रिची ब्लॅकमोर. तो एका वेळी दोन तारा छेडतो. वर सा असेल तर खाली मंद्र पंचम, आणि ही जोडी तशीच पुढे सरकते. तो भारदस्तपणा तिथून येतो. डिसेंबर 1971 मध्ये स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावात फ्रँक झापाच्या कार्यक्रमात कॅसिनोला आग लागली, धूर तळ्यावर पसरला, आणि रेकॉर्डिंगसाठी तिथे आलेल्या डीप पर्पलला हे गाणं मिळालं. 1972 च्या ‘मशीन हेड’ या अल्बममध्ये ते आलं.

पण माझं मत विचाराल तर रिफचा खरा बाप ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी. बर्मिंगहॅमचा हा डावखुरा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात होता. वय सतरा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुऱ्याला तारा दाबायला तोच हात लागतो. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली; आगीत दोन बोटं निकामी होऊनही वाजवणारा हा गिटारिस्ट. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, पातळ तारा चढवल्या. पुढे 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त तारा तीन अर्धस्वर सैल केल्या. दाबायला सोप्या झाल्या आणि आवाज आणखी खाली, जड झाला. पुढची सगळी मेटल मंडळी त्याच खोलीत उतरली.

ब्लॅक सॅबथच्या फेब्रुवारी 1970 मधल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात सूर तीनच. सा, तार सा, आणि मधे उतरून तीव्र मध्यम. युरोपात हे अंतर अशुभ मानत आले. आपण यमन-मारव्यावर वाढलेले, आपल्याला तीव्र मध्यमात संध्याकाळ दिसते. तरी आयोमी त्या सुरावर ज्या पद्धतीने बोट हलवत ठेवतो, ते ऐकून मारवा आठवत नाही, एवढं खरं.

बाकीच्या काही दंतकथाही मोडतोडीच्याच आहेत. लिंक रेने ‘रंबल’साठी (1958) स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. डेव्ह डेव्हिसने ब्लेडने स्पीकरचा पडदा फाडला, त्यातून 1964 चं ‘यू रिअली गॉट मी’ निघालं. काही रिफ मात्र सहज हाती लागल्या. कीथ रिचर्ड्सने ‘सॅटिस्फॅक्शन’ची रिफ अर्धवट झोपेत टेप करून ठेवली, ती भोंग्यांनी वाजवावी असं त्याच्या मनात होतं. स्लॅशची ‘स्वीट चाइल्ड ओ माइन’ म्हणजे बोटं मोकळी करायचा रियाज. ‘सेव्हन नेशन आर्मी’ (2003) तर आता फुटबॉलच्या मैदानात शब्दांशिवाय गातात.

आपल्याकडे? 1971 चं ‘दम मारो दम’ आठवा. आशाबाईंच्या आधी जी गिटार कानावर पडते, ती भूपिंदरसिंगांची. पुढे गझलगायक म्हणून गाजले तेच. हिंदी सिनेमातली यापेक्षा ठसठशीत रिफ मला सांगता येणार नाही. पुढच्याच वर्षी जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन लेड झेपलिनची दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला 2015 उजाडलं.

1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन हा बँड उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर. पुढे याच बँडचं नाव इंडस क्रीड झालं. 1986 पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावचं उघडं रंगभवन या पोरांची पंढरी झालं. शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथले कार्यक्रम थांबले. नियम इस्पितळांसाठी होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या तोडीची दुसरी जागा शहराने दिली नाही, याबद्दल आहे. मग मेटलवाले आले. भयानक मौत हे बँडचं नाव तर गावच्या जत्रेतल्या तंबूवरही शोभेल. डेमॉनिक रिझरेक्शनने 2017 मध्ये ‘दशावतार’ नावाचा अल्बम केला, एकेका अवतारावर एकेक गाणं. हल्लीच्या मेटलमध्ये सुरांची गर्दी फार होते. मेशुगा या बँडचं ‘ब्लीड’ थक्क करतं, पण तोंडाने वाजवून दाखवा बघू.

इकडे भामरागडात माडिया मुलींचा रेला नाच रात्रभर चालतो. एकमेकींत हात गुंफलेली रांग, एक गट ओळ म्हणतो, दुसरा तीच उचलतो, ढोल बदलत नाही. रेला म्हणजे आदिवासींचा रॉक, असलं वाक्य मी लिहिणार नाही. त्यात दोघांचाही अपमान आहे. पण तेच ते कंटाळवाणं का होत नाही, हे तिथे उभं राहून कळतं. पहिल्या काही फेऱ्या कान मोजतो, नंतर मोजणं सुटतं आणि पाय ठरवतात. आयोमी तेच करतो, फक्त विजेवर.

खटकतं ते एकच. मुंबईचे हे बँड बहुतेक इंग्रजीत गायले. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी नाटकांना हजारोंनी माणसं येतात, रात्रभर बसतात, दणका त्यांना वर्ज्य नाही. मराठी शब्दांखाली अशी एक जड, हट्टी रिफ कुणी घालून बघावी. तोवर ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सॅबथच्या पहिल्या अल्बमपासून करावी, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नये, आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावं.