पॉलिएथिलीन : यंत्रभागांसाठी गुणधर्म व निवड

एथिलीन वायूच्या बहुवारिकीकरणाने (अनेक लहान रेणू जोडून प्रचंड रेणू बनविण्याच्या क्रियेने) मिळणारे उष्णमृदू प्लॅस्टिक. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये ई. डब्ल्यू. फॉसेट व आर. ओ. गिब्सन यांना ते उच्च दाबाखाली मिळाले. १९५३ मध्ये कार्ल त्सीग्लर यांनी उत्प्रेरकांच्या साहाय्याने ते कमी दाबाखाली तयार केले. महाराष्ट्रात १९६० नंतरच्या दशकात तुर्भे व ठाणे-बेलापूर पट्टा येथे नॅप्थ्यापासून एथिलीन मिळविणारे कारखाने निघाले.

प्रकार : कमी घनतेच्या प्रकारात (०·९१–०·९२५ ग्रॅ./घ. सेंमी.) रेणूंना शाखा असल्याने तो मऊ व लवचिक असतो, यंत्रणास (कापून आकार देण्यास) तो फारसा योग्य नाही. उच्च घनतेच्या प्रकारातील (०·९४–०·९६५) साखळ्या बहुतांशी सरळ असल्याने तो अधिक ताठ असतो. अत्युच्च रेणुभाराच्या प्रकाराचा रेणुभार ३० लाखांहून अधिक असतो. तो झिजेस व आघातास सर्वांत जास्त टिकतो. परंतु वितळल्यावरही सहज वाहत नसल्याने दाबून तयार केलेले तक्ते व दंड यांपासून त्याचे भाग कापून काढावे लागतात.

गुणधर्म : पॉलिएथिलीन पाणी जवळजवळ शोषत नाही. त्यामुळे ओल्या जागी नायलॉनाप्रमाणे ते फुगत नाही. बहुतेक अम्ले व क्षार यांचा त्यावर परिणाम होत नाही. घर्षण कमी असल्याने वाहक साखळ्यांचे मार्गदर्शक, सरकपट्ट्या व हलक्या भाराचे धारवे वंगणाशिवायही चालतात. मात्र ते सु. १३० ° से. तापमानास वितळते व ८० ° से.च्या वर सतत वापरता येत नाही. सतत भाराखाली ते हळूहळू दबते. काळी काजळी न मिसळल्यास उन्हाने ठिसूळ होते.

यंत्रण व निवड : हत्यार धारदार असावे, भाग शिकंज्यात हलका धरावा व हवेने थंड ठेवावा. तापमानाने होणारे प्रसरण पोलादाच्या दहापटीहून अधिक असते, हे विसरल्यास भाग अडकतो. उदा., तापी खोऱ्यातील तळोद्यासारख्या ठिकाणी हिवाळ्यात १५ ° से.ला कापलेली ५०० मिमी. लांबीची पट्टी उन्हात ४५ ° से.ला सु. २ ते ३ मिमी. वाढते, तेवढीच पोलादी पट्टी ०·२ मिमी.हूनही कमी वाढते. म्हणून स्क्रूंची छिद्रे लांबट ठेवतात व सांध्यात मोकळी जागा सोडतात. नेहमीचे गोंद त्यास चिकटत नाहीत. जोड तप्त हवेने किंवा स्क्रूंनी करतात.

सारांश, झीज, ओल व रसायने ही अडचण असेल, तर पॉलिएथिलीन निवडावे; उष्णता, जड भार अथवा काटेकोर माप ही गरज असेल, तर धातू किंवा दुसरे प्लॅस्टिक निवडावे.