परसातील पारिजातक

वसई-विरारच्या वाड्यांतील मोगरा व सोनचाफा दादरच्या फूलबाजारात जातो. पारिजातकास तो मार्ग नाही. त्याचे पांढरे फूल सायंकाळनंतर उमलते, उजाडताच गळते व लवकर कोमेजते. म्हणून त्याचे स्थान घरामागील परसातच होय.

या झाडाचा घात बहुधा उन्हाळ्यात होतो. पारिजातक पानझडी आहे. फुलांचा हंगाम सरल्यावर त्याची खरखरीत पाने पिवळी पडून गळतात, नुसत्या काटक्या उरतात आणि झाड मेले असे समजून त्यावर कोयता चालविला जातो. तत्पूर्वी फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास झाड जिवंत आहे. ग्रामकार्यकर्त्यांनी ही खूण घरोघरी दाखवावी. पाने नसताना पाणीही बेतानेच द्यावे. रोज बादलीभर ओतल्यास मुळे कुजतात. वाळक्या व दाटीच्या फांद्या याच काळात छाटाव्यात, कारण फुले नव्या फुटीवर येतात.

लागवड पावसाच्या आरंभी, उन्हाच्या जागी करावी. सखल वाडीत पाणी तुंबते. तेथे मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी घालू नये. रोपे ताज्या बियांपासून होतात; चपट्या फळात दोन बिया असतात.

गळलेली फुले वेचून त्यांचे केशरी देठ सावलीत वाळवावेत. त्यांचा रंग केशराप्रमाणे अन्नास देत, अशी नोंद गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्टा याच्या १५६३ च्या ग्रंथात आहे. रेशमावरही तो सुरेख चढतो. मात्र उन्हात लवकर विटतो.