गच्चीवर माती टाकण्यापूर्वी भाराचा हिशेब करा

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील गावांत कौलारू घरांच्या जागी स्लॅबची घरे उभी राहिली. परसदार कमी झाल्याने अनेक शेतकरी कुटुंबे गच्चीवरच भाजीपाला व मोगरा लावतात. उपक्रम चांगला आहे. मात्र स्लॅबवर सरसकट माती पसरण्यापूर्वी तिच्या वजनाचा हिशेब करणे आवश्यक आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ इमारत कोसळून ७४ जणांचा बळी गेला. तेथे दोष निकृष्ट व बेकायदा बांधकामाचा होता. पण कुवत पाहिल्याशिवाय भार वाढवू नये, हा धडा सर्वांसाठीच आहे.

भाराचे प्रकार

स्लॅब, गिलावा, कोबा, भिंती यांचे कायमचे वजन म्हणजे स्थायी भार. माणसे व हलविता येणारे सामान म्हणजे चल भार. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ नुसार चल भार दर चौ. मीटरला १५० किलो धरतात. पसरलेली माती मात्र कायम राहते, म्हणून ती स्थायी भारातच मोजावी.

हिशेब कसा करावा?

थराची मीटरमधील जाडी × एका घनमीटरचे वजन = दर चौ. मीटरचा भार.

• स्लॅब १२.५ सें.मी. : ०.१२५ × २५०० = सुमारे ३१३ किलो
• खालचा गिलावा १.२ सें.मी. : ०.०१२ × २०४० = सुमारे २४ किलो
• विटांच्या तुकड्यांचा कोबा १० सें.मी. : ०.१० × २००० = २०० किलो
• एकूण : ५३७ किलो

आता २० सें.मी. ओली माती घ्या : ०.२० × १८०० = ३६० किलो. म्हणजे गच्चीसाठी धरलेल्या चल भाराच्या दुपटीहून अधिक! ५ × ४ मीटरच्या वाफ्यात हे वजन ७२०० किलो होते. सिमेंटच्या ५० किलोच्या १४४ गोण्या कायम रचून ठेवल्यासारखेच ते आहे. पावसाळ्यात पाणी जाण्याचा मार्ग तुंबून १० सें.मी. पाणी साचले, तर दर चौ. मीटरला आणखी १०० किलोची भर पडते. शिवाय सततच्या ओलीने सळया गंजतात आणि स्लॅबची ताकदही घटते.

काय काळजी घ्यावी?

१. घराचा नकाशा स्थापत्य अभियंत्यास दाखवून किती जादा भार चालेल ते विचारावे. नकाशा नसल्यास स्लॅबची तपासणी करून घ्यावी.
२. वाफ्याऐवजी कुंड्या वापराव्यात. माती कमी करून नारळाचा भुसा व गांडूळखत मिसळावे. एक कुंडी भरून, पाणी देऊन, निथळल्यावर काट्यावर तोलावी व त्यावरून एकूण वजन काढावे.
३. जड कुंड्या तुळईच्या किंवा भार पेलणाऱ्या भिंतीच्या वर ठेवाव्यात. स्लॅबच्या मध्यभागी किंवा सज्जावर ठेवू नयेत. १००० लिटरच्या टाकीत नुसते पाणीच एक टन असते, तेव्हा तिची जागाही अभियंत्याकडून ठरवून घ्यावी.
४. स्लॅबला तडा, गळती किंवा बाक दिसल्यास भार ताबडतोब उतरवावा आणि खालच्या खोलीतील वावर थांबवावा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, बियाणे मोजून पेरता, खत मोजून देता. तसेच गच्चीवरील मातीही आधी मोजा आणि मगच वर चढवा.